पंगत, पाककृती आणि अनुपस्थिती : 'द बुक ऑफ रेचेल'च्या निमित्ताने

मराठी कथात्मक वाङ्मयात जेवणाची वर्णने विपुल आहेत. त्यांची समीक्षा मात्र विरळ आहे. पंगत, नैवेद्य, पाहुणचार, उपास, शिळेपाके हे सारे कथा-कादंबऱ्यांतून सतत येत असते आणि समीक्षक त्याची नोंद 'वातावरणनिर्मिती' किंवा 'प्रादेशिक तपशील' या सदरात करून पुढे जातो. स्वयंपाक हा कथानकाचा आधार असू शकतो, पाककृती हा स्वतंत्र कथनप्रकार असू शकतो, ही शक्यता फारशी गंभीरपणे तपासली गेलेली नाही. पाकपुस्तके तर वाङ्मयविचाराच्या कक्षेबाहेरच राहिली. 'उपयुक्त' पुस्तकाला संहिता मानण्याची सवय आपल्या समीक्षेला नाही.

या उपेक्षेचा फेरविचार करायला लावणारी एक कादंबरी रायगडच्या किनाऱ्यावर घडते, पण ती मराठीत लिहिलेली नाही. एस्थर डेव्हिड यांची 'द बुक ऑफ रेचेल' ही इंग्रजी कादंबरी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २०१० मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बेने इस्रायल समाजातील लेखकाच्या इंग्रजी लेखनाला हा सन्मान यापूर्वी १९८३ मध्ये निसिम इझिकेल यांच्या रूपाने लाभला होता. अलिबागजवळच्या दांडा गावात राहणारी रेचेल ही विधवा स्त्री कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे. मुले इस्रायलला गेली आहेत, गावातील इतर बेने इस्रायल कुटुंबेही गेली आहेत. ओस पडलेल्या सिनेगॉगची देखभाल ती एकटी करते. त्या सिनेगॉगची जागा विकण्याचा घाट घातला जातो तेव्हा ज्यूडा नावाच्या वकिलाच्या साहाय्याने ती उभी राहते. रेचेलची मुलगी झेफ्रा आणि ज्यूडा यांच्या जवळिकीचे उपकथानक या संघर्षात गुंतलेले आहे. कथानक एवढेच आणि साधे आहे. कादंबरीचे वेगळेपण तिच्या रचनेत आहे : प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक पाककृती येते.

प्रकरणारंभी पाककृती देण्याची पद्धत नवी नाही. मेक्सिकन लेखिका लॉरा एस्किव्हेल यांच्या १९८९ मधील 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' या कादंबरीने ती जगभर परिचित केली. तेव्हा प्रश्न तंत्राच्या नावीन्याचा नाही. ही रचना या विशिष्ट किनाऱ्यावर, या विशिष्ट समाजाच्या संदर्भात कोणता अर्थ धारण करते, हा खरा प्रश्न आहे.

२

बेने इस्रायलांच्या उत्पत्तिकथेनुसार त्यांचे पूर्वज नौकाभंगानंतर अलिबागच्या उत्तरेस नवगाव येथे किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असे परंपरा सांगते. पुढे हा समाज कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या, खेड्यांतून पसरला. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुट्टी यांवरून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. गावांवरून आलेली किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे आणि मराठी मातृभाषा यांमुळे हा समाज बाहेरून पाहणाऱ्यास शेजाऱ्यांहून वेगळा ओळखू येणे कठीण होते.

या समाजाची 'ओळख पटण्याची' जी कथा सांगितली जाते, ती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासात नोंदवलेल्या परंपरेप्रमाणे डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी विद्वान या किनाऱ्यावर आला. हे लोक खरोखर यहुदी आहेत काय, हे तपासण्यासाठी त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि ते रांधण्यास सांगितले. स्त्रियांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडले व इतर बाजूला काढले. एवढ्यावरून त्याची खात्री पटली. रहाबीचा काळ कोणता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोणी त्याला मध्ययुगात नेतात, तर कोणी अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्याशी त्याचा संबंध जोडतात. ऐतिहासिक सत्य काहीही असो, कथेची अर्थरचना लक्षणीय आहे. या समाजाजवळ तेव्हा धर्मग्रंथ उरला नव्हता. हिब्रू भाषा, 'शेमा'सारखे काही शब्द वगळता, विस्मृतीत गेली होती. ग्रंथ नसलेल्या समाजात परीक्षकाला वाचण्यासाठी एकच संहिता उपलब्ध होती आणि ती चुलीपाशी बसलेल्या स्त्रियांच्या हातांत होती.

मेरी डग्लस यांनी १९६६ मधील 'प्युरिटी अँड डेंजर' या ग्रंथात लेवीय नियमांचे जे विवेचन केले, त्याच्याशी ही कथा ताडून पाहता येते. पाण्यात राहणाऱ्या प्राण्याला पर आणि खवले असावेत ही वर्गीकरणाची अपेक्षा. ती न पाळणारा प्राणी वर्गीकरणाला धक्का देतो म्हणून वर्ज्य. ही मीमांसा नियमाचे तर्कशास्त्र स्पष्ट करते. मात्र नियम जगवणारी यंत्रणा कोणती, याचे उत्तर तिच्यात नाही. नवगावच्या कथेत ते उत्तर सापडते. ज्या किनाऱ्यावर शेजारच्या कोळी आणि आगरी घरांत कोळंबी, खेकडे, तिसऱ्या हे रोजच्या जेवणाचे वैभव आहे, तेथे शतकानुशतके ते बाजूला ठेवणे ही रोज नव्याने करावी लागणारी कृती आहे. तिला लेखी आधार नव्हता. आईने जे टोपलीतून बाजूला काढले ते मुलीने बाजूला काढले, एवढाच तिचा आधार.

येथे चिन्हमीमांसेच्या अंगाने एक गुंतागुंत उद्भवते. दूध आणि मांस एकत्र न शिजवण्याचा नियम पाळणाऱ्या या समाजाने कालवणांत नारळाचे दूध वापरले. पण नारळाचे दूध या किनाऱ्यावर सर्वांच्याच कालवणात असते. परिणामी दोन शेजारच्या घरांत एकाच वासाचे, एकाच रंगाचे पापलेटाचे कालवण शिजते आणि दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ निराळा असतो : एका घरी ती चव असते, दुसऱ्या घरी चव आणि नियमपालन ही दोन्ही. चिन्हक समान, चिन्हित भिन्न. वेगळेपण ताटात दिसत नाही. ताटात जे नाही त्यात ते दडलेले असते. सोसिअरप्रणीत विचारात अर्थ भेदातून निर्माण होतो. बेने इस्रायल पाकव्यवस्थेत हा भेद बव्हंशी वगळण्यातून निर्माण होतो आणि वगळलेली गोष्ट जाणत्यालाच दिसते. या पाकव्यवस्थेविषयी लिहिणाऱ्या लेखकापुढची मूळ अडचण हीच आहे. पाककृतीत काय घालावे हे लिहिता येते. काय घालायचे नाही हे सहसा लिहिले जात नाही.

३

या समाजाच्या सणांची मराठी नावे पाहिली असता स्वयंपाकघराचे हे आधिपत्य अधिक स्पष्ट होते. हिब्रू पंचांगातील वर्षारंभ हा 'नव्याचा सण' झाला, त्यानंतर 'खिरीचा सण' आला. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस 'बिरड्याचा सण' म्हणून ओळखला गेला. वालाचे बिरडे हे रायगडच्या सर्व जातीजमातींच्या ताटातले अन्न. दूरच्या नगरातील, विस्मृत इतिहासातील एक महाशोक मोड आलेल्या, सोललेल्या वालाच्या नावाने वर्षानुवर्षे लक्षात ठेवला गेला. कारण विसरले तरी बिरडे विसरले गेले नाही. स्मृतीचे जतन आशयातून न होता रूपातून झाल्याचे याहून ठळक उदाहरण क्वचित आढळेल.

'मलिदा' या विधीचेही असेच आहे. नवस फेडताना, मंगलप्रसंगी, एलियाहू हनाबीच्या नावाने भिजवलेले पोहे, गूळ अथवा साखर, खोवलेले खोबरे, सुकामेवा आणि फळे यांचे ताट मांडून प्रार्थना होते आणि मग ते सर्वांना वाटले जाते. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत अशी श्रद्धा आहे. मलिदा हा शब्द महाराष्ट्रात दर्ग्यावरच्या प्रसादासाठीही वापरला जातो, पोह्यांचा मान कोकणातल्या कोणत्याही घरचा, आणि प्रेषित बायबलमधला. तीन परंपरांचे हे मिश्रण एका ताटात निर्वेधपणे नांदते. त्याला 'संकर' म्हणण्याचा मोह समकालीन सिद्धान्तचर्चेत होऊ शकेल. परंतु ताट मांडणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तेथे कोणताही संकर नसतो. असते ते केवळ व्यवस्थित मांडलेले ताट आणि बोलावलेली माणसे.

'बोलावलेली माणसे' हा या व्यवस्थेतील निर्णायक घटक होय. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांच्या कच्चे-शिजलेले या द्वंद्वात खाणारा बहुधा गृहीत धरलेला असतो. भारतीय पंगतीत तसे करता येत नाही. कोण कोणाशेजारी बसते, कोण वाढते, कोण शेवटी जेवते, कोणाला बोलावणे जात नाही यांतूनच जेवणाचा अर्थ सिद्ध होतो. पदार्थ हा शब्द मानला तर पंगत हे वाक्य आहे.

४

मग पाककृती लिहिली केव्हा जाते? ज्या घरात आजी, आई, सून, मुलगी एकाच चुलीपाशी आहेत तेथे तिची गरज नसते. तेथे शिकवणे आज्ञार्थात चालते : 'घे', 'घाल', 'थांब', 'आता उतरव'. मापे हाताची असतात : चिमूट, मूठ, अंगासरसे पाणी. सुझन लिओनार्डी यांनी १९८९ मधील आपल्या निबंधात पाककृतीला सांगणारा आणि घेणारा असा संदर्भ लागतो, तो तुटला की ती अपुरी वाटते, हे दाखवून दिले आहे. मराठी पाकपुस्तकांच्या इतिहासाने या मताला एक वेगळी बाजू जोडता येते. १९१० मधील लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' असो वा १९७० मधील कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा', ही पुस्तके बदललेल्या कुटुंबरचनेच्या वाचकवर्गात रुजली. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे माप रूढ केले. ते माप अशा गृहिणीसाठी आहे जिच्यामागे 'बस, पुरे' म्हणणारे कोणी उभे नाही. शहरात वेगळा संसार थाटलेल्या मुलीला सासूची किंवा आईची जागा पुस्तकाने भरून दिली. लिखित पाककृती ही अशी अनुपस्थितीतून जन्मते; शिकवणारी किंवा शिकणारी यांपैकी कोणीतरी स्वयंपाकघरात नाही, याची ती खूण असते.

हे व्याकरणातही उमटते. मराठी पाकपुस्तकाचे रूढ क्रियारूप विध्यर्थी आहे : 'घ्यावे', 'चिरावे', 'परतावे', 'उतरवावे'. या रूपात कर्ता लोपतो. तो मागे सरल्याने वाक्याला शास्त्रवचनाचे वजन येते. जणू कोणी एक व्यक्ती सांगत नसून परंपराच सांगत आहे. इंग्रजी पाककृती मात्र आज्ञार्थात असते आणि तिचा 'तू' हा कोणीही अनोळखी वाचक असतो. आईचा आज्ञार्थ आणि छापील इंग्रजी आज्ञार्थ रूपाने जवळचे असले तरी त्यांचे श्रोते अगदी भिन्न आहेत.

५

या पार्श्वभूमीवर 'द बुक ऑफ रेचेल'ची रचना पाहिली असता प्रकरणारंभीच्या पाककृती अलंकार ठरत नाहीत. कादंबरीचे कथन घडून गेलेल्याचे, गमावलेल्याचे आहे; पाककृतीचा काळ मात्र कालनिरपेक्ष आहे. प्रत्येक प्रकरणात वाचक आधी या नित्य, पुन्हा करता येण्याजोग्या काळातून जातो आणि मग अपरिवर्तनीय अशा कथाकाळात उतरतो. सिनेगॉग विकले गेले तर परत येणार नाही. गेलेली कुटुंबे परत येणार नाहीत. पदार्थ मात्र पुन्हा करता येईल, असे आश्वासन पाककृती देत राहते. आश्वासन आणि वस्तुस्थिती यांतील हा ताण हीच कादंबरीची खरी गती आहे, कारण कथानकातील संघर्षाची उकल तुलनेने सरळ आणि काहीशी अपेक्षित वाटते.

या ताणाला आणखी एक परिमाण आहे. यहुदी सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुषांची गणसंख्या लागते. १९४८ च्या सुमारास भारतात सुमारे २०,००० बेने इस्रायल होते. पुढच्या दशकांतील स्थलांतराने किनाऱ्यावरची खेडी रिकामी झाली आणि अलिबाग, रेवदंडा, पेण येथील सिनेगॉगांभोवतीचा समाज मोजक्या कुटुंबांवर आला. ही गणसंख्या जेथे भरत नाही, तेथे सिनेगॉग वास्तू म्हणून उभे राहते, उपासनेची संस्था म्हणून मूक होते. स्वयंपाकघराला अशी गणसंख्या लागत नाही. एकटी रेचेल नियम पाळून रांधू शकते. पुरुषांच्या संख्येवर अवलंबून असलेली संस्था थांबते आणि एका स्त्रीच्या हातावर अवलंबून असलेली चालू राहते, ही उलथापालथ कादंबरीत कोठेही सिद्धान्त म्हणून मांडलेली नाही. ती रचनेतून जाणवते. नवगावच्या दंतकथेत परीक्षकाने वाचलेली संहिता येथे पुन्हा वाचनासाठी उघडलेली आहे.

तथापि रांधणे एकटीला शक्य असले तरी पंगत एकटीची होत नाही. वर्षारंभाच्या सणाला होणारा चिकाचा हलवा हे याचे चांगले उदाहरण. गहू भिजवावे, वाटावे, गाळून चीक काढावा, नारळाच्या दुधात आणि साखरेत तो सतत ढवळत आटवावा, थापून वड्या पाडाव्यात. हे एकट्या हाताचे काम नव्हे, आणि एकट्या तोंडाचे तर नव्हेच. अशा पदार्थाची कृती शुद्ध लिहून ठेवता येते, परंतु आळीपाळीने ढवळणारे हात आणि शेजारी पाठवायच्या ताटल्या तिच्यात लिहिता येत नाहीत. रेचेल पाहुण्याला जेवू घालते तेव्हा ती केवळ आतिथ्य करत नसते. पंगतीच्या तुटलेल्या वाक्यात एकेक शब्द परत बसवत असते. वकील, परतून येणारी मुलगी, गावातले शेजारी हे तिच्या ताटाचे वाचक आहेत.

येथेच कादंबरीच्या मर्यादेचाही विचार करावा लागतो. दांड्यातील बेने इस्रायल स्त्री मराठीत विचार करील, मराठीत मुलीला रागावेल, मराठीत मासळीवालीशी घासाघीस करील. ही भाषा इंग्रजी संहितेत बहुतांशी पदार्थांच्या नावांपुरती उरते. इंग्रजी वाचकासाठी पदार्थनाम हे अपरिचिततेचे चिन्ह असते. मराठी वाचकाला ते घरचे असते. म्हणून ज्या ठिकाणी इंग्रजी वाचक थबकतो तेथे मराठी वाचक सहज पुढे जातो आणि ज्या ठिकाणी इंग्रजी वाचक सहज पुढे जातो तेथे, म्हणजे संवादांत, मराठी वाचक अडखळतो. डेव्हिड यांचे आयुष्य अहमदाबादेत गेले आणि त्यांची लेखनभाषा इंग्रजी आहे. लेखिकेच्या भाषानिवडीवर आक्षेप घेण्याचे कारण नाही. परंतु अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ मधील निबंधात भारतीय इंग्रजी पाकपुस्तके प्रादेशिक पाकपरंपरा परक्यांना वाचनीय कशा करतात हे दाखवले होते. तीच प्रक्रिया या कादंबरीच्या पाककृतींतही चालू आहे. 'अंदाजाने घाल' हे वाक्य पाव चमचा झाले की ज्ञान सर्वांना उपलब्ध होते; अंदाज कोणाचा, हे मात्र पुसले जाते. डेव्हिड यांनीच २०२१ मध्ये 'बेने अपेटिट' हे भारतीय यहुद्यांच्या पाकपरंपरेवरील पुस्तक प्रसिद्ध केले. कादंबरीतून पाककृती बाहेर पडून स्वतंत्र पुस्तकाकडे जाणे ही या प्रक्रियेची पुढची पायरी म्हणता येईल.

६

या विवेचनावर एक रास्त आक्षेप संभवतो. घरच्या जेवणाचे असे गुणगान करताना त्यामागचे श्रम आणि वगळणुका दृष्टीआड होत नाहीत काय? शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकाने मराठवाड्यातील दलितांच्या अन्नपरंपरेची नोंद करून मराठी पाकपुस्तकांतील 'सर्वांचे' जेवण हे प्रत्यक्षात मोजक्यांचे होते, हे निर्विवादपणे पुढे आणले. शीर्षकातच प्रचलित वचनाला दिलेले उत्तर आहे. या दृष्टीने पाहता 'वगळणे' या शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवले पाहिजेत. बेने इस्रायल स्त्री खेकडा वगळते तेव्हा ती स्वतःच्या ताटाला मर्यादा घालते. पंगत माणूस वगळते तेव्हा ती दुसऱ्याच्या ताटाला मर्यादा घालते. पहिल्यातून ओळख घडते, दुसऱ्यातून अपमान. दोन्ही एकाच जेवणात नांदू शकतात आणि समीक्षेने त्यांची गल्लत करू नये. रेचेलच्या एकटेपणाचे मोल मान्य करतानाही, रांधणारी शेवटी जेवते ही घराघरांतली व्यवस्था तिच्या वाट्याला आली नाही असे मानण्याचे कारण नाही.

याच रायगड किनाऱ्यावर लिखित कृतीविना चालणारे एक सामूहिक जेवण आजही टिकून आहे, त्याचा उल्लेख तुलनेसाठी उपयुक्त ठरेल. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की अलिबाग, पेण, रोहा भागांत पोपटी लावली जाते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, कोठे अंडी, कोठे मसाला लावलेली कोंबडी भरतात. पाणी नाही, तेल नाही. पाल्याने तोंड बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती गवत-पेंढ्याचा जाळ करतात. शिजले की नाही, हे मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडून, त्यांच्या चुरचुरण्यावरून ठरते. येथे वेळ मिनिटांत कोणी सांगत नाही, कारण सांगणारा आणि ऐकणारा एकाच जाळाभोवती बसलेले असतात. माणसे हजर आहेत तोवर पोपटीला पुस्तकाची गरज नाही. दांड्याच्या स्वयंपाकघराला पुस्तक लागले ते माणसे गेल्यामुळे. बिरडे आणि पोपटी यांतला वाल एकच आहे. एकाला लेखन लागले, दुसऱ्याला अद्याप लागलेले नाही.

'द बुक ऑफ रेचेल'चे महत्त्व या जागी निश्चित करता येते. कथात्म कलाकृती म्हणून तिच्यात उणिवा आहेत : विरोधी पात्रे सपाट आहेत, भाषेचा प्रश्न अनुत्तरित राहतो, शेवट सुखावह होण्याची घाई आहे. पण लिखित पाककृती हे निरोपाचे वाङ्मय आहे, हे तिने आपल्या रचनेतून दाखवून दिले. मराठी समीक्षेपुढे यातून दोन कामे उभी राहतात. पहिले, मराठी पाकपुस्तकांचे वाचन त्यांच्या निवेदकासह, क्रियारूपांसह आणि गृहीत वाचकासह करणे. दुसरे, मराठी कथनात्म वाङ्मयातील जेवणाच्या प्रसंगांत कोण रांधते, कोण बसते आणि कोणाचे पान मांडले जात नाही, याचा हिशेब घेणे. नवगावच्या कथेतील परीक्षकाला ग्रंथ मिळाला नाही, म्हणून त्याने रांधणाऱ्या हातांकडे पाहिले. समीक्षेजवळ आज ग्रंथ पुष्कळ आहेत. त्या हातांकडे तिने अद्याप पुरेसे पाहिलेले नाही.